आरबी२६डीईटीटी इंजिनासाठी टर्बोचार्जरची निवड

आरबी२६डीईटीटी हे जपानच्या निस्सान कंपनीचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले पेट्रोल इंजिन आहे. १९८९ ते २००२ या काळात ते स्कायलाईन जीटी-आर मोटारीच्या आर३२, आर३३ आणि आर३४ या पिढ्यांत बसवले जात असे. त्याची क्षमता २,५६८ घन सेंटीमीटर असून त्याला समांतर जोडलेले दोन टर्बोचार्जर असतात. प्रत्येक टर्बोचार्जर तीन सिलिंडरांच्या उत्सर्जित वायूंवर फिरतो. जपानी उत्पादकांमधील अलिखित समझोत्यामुळे त्याची शक्ती कागदोपत्री २८० पीएस इतकीच दाखवली जाई. बिडाचा मजबूत ब्लॉक बराच अधिक भार पेलू शकत असल्याने या इंजिनाची शक्ती वाढवण्याची परंपरा रुजली. त्यात टर्बोचार्जर बदलणे हा सर्वांत परिणामकारक, आणि चुकल्यास महागात पडणारा टप्पा होय.

== मूळ टर्बोचार्जरची मर्यादा ==

सर्वसाधारण प्रतिकृतींतील टर्बाइनची चक्रे सिरॅमिकची होती. हलकी असल्याने ती लवकर वेग घेत. मात्र बूस्ट सुमारे १ बारच्या पुढे नेल्यास उष्णता आणि फिरण्याचा वेग यांमुळे ती फुटण्याचा धोका असे. चक्र फुटताच बूस्ट नाहीसा होतो आणि तुकडे उत्सर्जन नळीत जातात. शर्यतींसाठी काढलेल्या एन१ आवृत्तीत म्हणूनच धातूची चक्रे वापरली गेली. मूळ टर्बोचार्जर कायम ठेवून केवळ बूस्ट वाढवणे हा मार्ग त्यामुळे दिसतो तितका स्वस्त नाही.

== हवेचा हिशेब ==

निवडीची सुरुवात इंजिनाला लागणाऱ्या हवेपासून होते. चार-आघाती इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. ७,००० फेऱ्यांना आणि ९०% आकारमानीय कार्यक्षमतेला हे इंजिन मिनिटाला सुमारे ८.१ घन मीटर हवा घेते. बूस्ट १ बार आणि इंटरकूलरनंतरचे तापमान ५०° सेल्सियस धरल्यास या हवेचे वस्तुमान सुमारे १७.४ किलो भरते. मिनिटाला १ किलो हवेमागे अंदाजे २२ अश्वशक्ती या ठोकताळ्याने सुमारे ३८० अश्वशक्ती मिळते. दोन टर्बोचार्जर असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ८.७ किलो हवा येते.

हा आकडा कंप्रेसरच्या आलेखावर तपासतात. आलेखाच्या डाव्या सीमेपलीकडे हवा उलट धक्के देते, त्यास सर्ज म्हणतात. उजवीकडे प्रवाह खुंटतो. मधल्या पट्ट्यात कार्यक्षमता सर्वाधिक असते. ३०° तापमानाची हवा दुप्पट दाबावर नेताना ७५% कार्यक्षमतेचा कंप्रेसर ती सुमारे ११८° पर्यंत तापवतो, तर ६०% कार्यक्षमतेचा सुमारे १४०° पर्यंत. हा फरक इंजिनातील ठोका, म्हणजे इंधनाचे अनियंत्रित ज्वलन, टाळण्यासाठी निर्णायक ठरतो.

== दोन की एक ==

गॅरेटच्या -९, -७ व -५ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या किंवा एचकेएसच्या जीटी-एसएस यांसारख्या जोड्या मूळ मॅनिफोल्डवरच बसतात. यांत -५ मोठी. ती अधिक हवा देते, पण बूस्ट उशिरा येतो. एकच मोठा टर्बोचार्जर बसवण्यासाठी नवे मॅनिफोल्ड, वेगळे वेस्टगेट आणि नवी नळजोडणी लागते. तो ट्विन-स्क्रोल प्रकारचा असल्यास पहिल्या आणि शेवटच्या तीन सिलिंडरांचे वायू स्वतंत्र राहतात आणि प्रतिसादातील उशीर काहीसा भरून निघतो. टर्बाइन गृहाचे ए/आर गुणोत्तर लहान असल्यास बूस्ट लवकर येतो, परंतु वरच्या फेऱ्यांवर वायूंचा मार्ग आवळला जातो. नेहमीच्या रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीसाठी सर्वाधिक शक्तीच्या आकड्यावरून निवड करणे ही सर्रास होणारी चूक आहे. अशी मोटार बहुतांश वेळ मधल्या फेऱ्यांवरच चालते.

== पूरक बदल ==

वरील उदाहरणातील १७.४ किलो हवेसाठी ११.५:१ या मिश्रणाने मिनिटाला सुमारे १.५ किलो पेट्रोल लागते. मूळ इंजेक्टर मिनिटाला ४४० घन सेंटीमीटर क्षमतेचे आहेत. ते ८५% वेळ उघडे राहिल्यास सहाही मिळून सुमारे १.७ किलो पेट्रोल देतात. याहून मोठ्या टर्बोचार्जरसोबत त्यामुळे मोठे इंजेक्टर, सक्षम पंप आणि इंजिन नियंत्रकाची नव्याने जुळणी अपरिहार्य ठरते. अन्यथा मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळतो. मूळ हवामापकांचीही वाचनमर्यादा असते. सुरुवातीच्या आर३२ इंजिनांत तेलपंप फिरवणारा क्रँकशाफ्टचा भाग अरुंद असल्याने तो रुंद करून घेण्याची प्रथा आहे. बॉल-बेअरिंगच्या टर्बोचार्जरला येणारे तेल नियंत्रक छिद्रातून मोजके सोडावे लागते. दाब जास्त झाल्यास ते सीलमधून गळून धूर येतो.