निळ्या राक्षसांचं संगीत

आजची गोष्ट अशा संगीतकाराची, ज्याचं नाव वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलं गेलं. अलाँ गोरागेर.

गोरागेर फ्रान्सचा, जॅझमध्ये मुरलेला पियानोवादक. सर्ज गेन्सबूरच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवरची ॲरेंजमेंट त्याचीच. १९६५ साली फ्रान्स गालने ज्या गाण्यावर युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, त्याची ॲरेंजमेंटही त्याचीच. पण चाल गेन्सबूरची, आवाज गालचा. मग गोरागेर कुणाच्या लक्षात राहणार?

मग आला १९७३ सालचा ॲनिमेशनपट, 'ला प्लानेत सोव्हाज'. दिग्दर्शक रने लालू, चित्रं रोलाँ तोपोरची, काम झालं प्रागमध्ये. कथा स्तेफान व्यूलच्या कादंबरीवरून घेतलेली. एका ग्रहावर लाल डोळ्यांचे, निळे, महाकाय 'द्राग' राहतात. माणसं त्यांची पाळीव जनावरं. या माणसांना म्हणतात 'ओम'. आपल्या ओंकाराशी त्याचा संबंध नाही हं. माणसासाठीच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आलंय.

आता गंमत बघा. ही कापून सरकवलेली कागदी चित्रं आहेत. चेहरे जवळजवळ हलतच नाहीत. त्यांच्यात जीव ओततं ते संगीत. संथ ठेका, वा-वा पेडलची गिटार, इलेक्ट्रिक पियानो, बासरी, सॅक्सोफोन. मोजक्याच चाली, पण दर वेळी वेगळा पोशाख घालून येतात.

रेकॉर्डवर २५ छोटे तुकडे आहेत. पहिल्याचंच नाव आहे 'देझोमिनिझास्यों'. म्हणजे काय, तर ओमांचा नायनाट. द्राग लोक अधूनमधून ओमांची संख्या कमी करायला मोहीम काढतात, तीच ही. मी नाव वाचलं आणि वाटलं, आता ढोल, किंकाळ्या, काहीतरी भयंकर ऐकू येणार. वाजलं काय? सुस्त, मऊ, डुलकी लागावी असं.

आधी मला ते खटकलं. मग लक्षात आलं, आपण घरात झुरळांसाठी औषध फवारतो तेव्हा आपल्याला दुःखाचं पार्श्वसंगीत ऐकू येतं का? द्रागांसाठी ही नेहमीची साफसफाई आहे. आपण त्या चालीवर मान डोलावतो आणि नकळत त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. मला तरी या सिनेमातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच वाटते.

चित्रपटाला त्याच वर्षी कान महोत्सवात विशेष पारितोषिक मिळालं. संगीताचा प्रवास मात्र त्याहून लांबचा. पुढे अमेरिकन हिप-हॉपवाल्यांनी ही रेकॉर्ड शोधून काढली. मॅडलिबने २००० साली 'क्वासीमोटो' या नावाने काढलेल्या अल्बममध्ये तिचा तुकडा वापरला. असे अनेकजण आधी गोरागेरपर्यंत पोचले आणि मग सिनेमापर्यंत. मीसुद्धा त्यातलाच.

२०२३ मध्ये, ९१व्या वर्षी गोरागेर गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी सजवली त्याने. पण या रेकॉर्डवर चालही त्याची आणि नावही त्याचंच. आज रात्री हेडफोन लावून, डोळे मिटून एकदा ऐका. सिनेमा उद्या बघा. भेटू पुढच्या भागात!