वणव्याचा नकाशा : आपलं गाव कोणत्या श्रेणीत आणि ग्रामसभेने काय करायचं?

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मोहफूल आणि तेंदूपानाचे दिवसही याच काळात येतात. त्यामुळे जंगल पेटलं की नुसती झाडं जळत नाहीत, घरात येणारी वर्षाची कमाई जाते. कोणत्या भागात आग वारंवार लागते, हे दाखवणारा नकाशा तयार आहे. तो गावाने कसा वाचायचा, याची ही माहिती.

नकाशा कसा बनतो?
डेहराडूनची 'भारतीय वन सर्वेक्षण' ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने जंगलातील आगी टिपते. या नोंदींवरून जंगलाचे ५ किमी लांब, ५ किमी रुंद असे चौकोन पाडले गेले. चौकोनात वर्षाला सरासरी किती आगी दिसल्या, त्यावरून पाच श्रेणी ठरल्या. सरासरी ४ किंवा जास्त आगी असतील तर तो भाग 'अत्यंत वणवाप्रवण', म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत. संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील सुमारे २२ टक्के वनाच्छादन वरच्या तीन श्रेणींत येते.

नकाशा काय सांगत नाही?
एक चौकोन २५ चौरस किलोमीटरचा असतो. त्यात दोन-तीन गावंही येऊ शकतात. आग नेमकी कोणत्या नाल्याकाठून किंवा कोणत्या पायवाटेने पसरते, हे नकाशात नसतं. ते गुराखी आणि मोहफूल वेचणाऱ्या बायांनाच ठाऊक असतं. म्हणून ग्रामसभेत नकाशा समोर ठेवून त्यावर गावाची माहिती भरणं गरजेचं आहे. आपली श्रेणी खालची आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक. श्रेणी मागच्या आगींवरून ठरते, यंदाच्या नाही.

मोबाईलवर सूचना
भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवल्यास निवडलेल्या भागातील आगीची सूचना मोफत मिळते. सूचनेतील ठिपका काही शे मीटरचा परिसर दाखवतो, त्यामुळे जागेवर जाऊन खात्री करावी लागते. शेतातला पालापाचोळा पेटवला तरी ठिपका दिसू शकतो. उलट, उपग्रह डोक्यावर नसताना लागून विझलेली छोटी आग सुटून जाते.

ग्रामसभेने ठरवायच्या गोष्टी
• मोहाखालचा पाला पेटवायचा नाही, झाडून बाजूला करायचा किंवा झाडाखाली जाळी अंथरायची.
• तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावायची नाही, झुडपांची छाटणी करायची.
• जाळरेषा कुठे हव्यात, हे वनरक्षकासोबत फिरून दाखवायचं. हे काम हंगामाआधी व्हायला हवं.
• टेहळणीची पाळी आणि फोन करणाऱ्यांची नावं आधीच ठरवायची.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांचा अधिकार याहून मोठा आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे आणि त्यासाठी तिला समितीही नेमता येते.

कायदा काय म्हणतो?
राखीव जंगलाला आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर शासन त्या भागातील चराई आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. म्हणजे काडी एकाने ओढली तरी फटका साऱ्या गावाला बसू शकतो. कलम ७९ नुसार जंगलातून हक्काने वनोपज घेणाऱ्यांनी आगीची माहिती देणं आणि विझवायला मदत करणंही बंधनकारक आहे.

आग दिसली तर
वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा थेट वनरक्षकाला कळवावं. ठिकाण, जवळचं गाव आणि वाऱ्याची दिशा सांगावी. वारा जिकडे वाहतो त्या बाजूने आगीसमोर जाऊ नये. एकट्याने विझवायला जाऊ नये.