घरगुती वस्तूंचे छायाचित्रण (जुन्नर–आंबेगाव)

वापरून झिजलेल्या आणि कुणाची तरी आठवण जडलेल्या घरातल्या वस्तूंची छायाचित्रे काढणे, ती संगणकावर किंवा मोबाइलवर संस्कारित करणे व नावानिशी जपून ठेवणे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या छायाचित्रणाचे विषय म्हणजे जाते, पाटा-वरवंटा, कणगी, इरले, पाभर, घोंगडी, कंदील, देव्हाऱ्यातले टाक आणि विशेषतः नाव घातलेली भांडी.

या भागातल्या ज्या गोष्टींची दखल आधी घेतली गेली त्या दगडातल्या : जुन्नरभोवतालची लेणी, नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख, शिवनेरी. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या लेण्यांवरील १८८० च्या ग्रंथात जुन्नर आहे. जुन्नरच्या घरातली चूल अर्थातच नाही. वास्तविक घरगुती वस्तू हा छायाचित्रणाचा अगदी आरंभीचा विषय. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या पुस्तकात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे चित्र दिले आणि भांडी चोरीला गेली तर असे चित्र पुरावा म्हणून चालेल, असे सुचवले. महाराष्ट्रात रोजच्या वस्तूंना मान मिळवून दिला तो दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांनी जमवलेले अडकित्ते व दिवे पाहताना कारागिरी दिसते, पण अडकित्ता कुणाच्या पानाच्या डब्यातला, हे सहसा कळत नाही. छायाचित्रात वस्तू फडताळातच राहते आणि घराची माहितीही तिच्यासोबत राहते.

या दोन तालुक्यांत अशा नोंदीची निकड जास्त आहे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते मूळ आंबेगावच घोड नदीवरील डिंभे धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. जुन्नर तालुक्यात माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव ही धरणे झाली. गाव हलते तेव्हा भांडी आणि टाक बरोबर येतात, उखळ आणि कणगी बहुधा मागे राहतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे डोंगर कोसळून १५१ माणसे दगावली. तिथे घरांसकट घरातले सारे चिखलाखाली गेले. शिवाय मुंबईची वाट आहेच. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ व खेडप्रमाणे आंबेगाव आणि जुन्नरचेही लोक आहेत. झाकणावर स्टेशन व इमारतीच्या खुणा रंगवलेला जुना डबा गावच्या घरात खुंटीला लटकत असेल, तर त्या खुणा वाचता येतील असे एक तरी चित्र हवे.

नाव घातलेली भांडी हा या विषयाचा गाभा. लग्नातल्या हंड्यावर, कळशीवर, परातीवर कुणाकडून कुणास, गाव कोणते आणि तारीख काय, एवढे सारे बोटभर जागेत कोरलेले असते. जुनी अक्षरे छिन्नी-हातोडीने ठिपका ठिपका पाडून काढलेली, नंतरची यंत्राने एका ओघात लिहिलेली. वर्षानुवर्षे राखेने घासून ठिपके उथळ होत जातात. समोरून फ्लॅश टाकला की ठिपक्यांच्या आतली सावली नाहीशी होते आणि नाव दिसतच नाही. त्यासाठी हंडा उंबऱ्याजवळ ठेवून दाराचा उजेड अक्षरांवरून आडवा घासून जाईल असा फिरवावा. प्रत्येक ठिपक्याची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि नाव उठून येते. जात्याच्या तळीवरची टाकी अशाच उजेडात दिसते. हंड्याच्या पोटावर छायाचित्रकार स्वतःच उमटतो, ही मोठी अडचण. बाजूला पांढरे धोतर ताणून धरावे, दोन पावले मागे सरून झूम करावे. अगदी जवळून मोबाइलचे रुंद भिंग वापरले तर हंड्याचे तोंड नको तितके फुगते. फोटोआधी चिंच-मीठ लावून भांडे लखलखीत करण्याचा मोह घरोघरी होतो. तो आवरावा, घासायचेच असेल तर आधी एक फोटो काढून घ्यावा.

इरल्याची गोष्ट वेगळी. भिंतीला टेकवलेले इरले नुसते पानांचे ओझे वाटते. पश्चिमेकडच्या भातखाचरांत, लावणीला वाकलेल्या पाठीवर ते असले तरच त्याचा आकार असा का, ते कळते. आता मेणकापडाने त्याची जागा घेतली आहे.

संस्करणात पहिली दुरुस्ती रंगाची. पावसाळ्यात पडवीला निळी ताडपत्री बांधलेली असते आणि तिच्या उजेडात पितळसुद्धा हिरवट दिसते. अशा वेळी चित्रात तांदळाचे चार दाणे किंवा चुन्याची डबी ठेवावी. त्या पांढऱ्यावरून बाकीचे रंग जुळवता येतात. सावल्या थोड्या उघडाव्यात, पण चुलीमागची भिंत काळीच राहू द्यावी, ती काळीच असते. स्नॅपसीड या ॲपमधले डाग पुसणारे साधन चेहऱ्यावरच्या मुरुमावर ठीक. पातेल्याचा पोचा, कानाला मारलेला रिबिट, तळाची कल्हई उडालेली जागा त्याने पुसली तर फोटो भांड्याच्या दुकानातला होतो. पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडमध्ये पळीचा दांडा अर्ध्यातच विरतो. काळे-पांढरे करण्याची हौसही आवरती बरी : जुनेपणाचा भास होतो, पण तांबे कुठले नि पितळ कुठले, हे ओळखू येत नाही.

फोटोबरोबर वस्तू कुणाची, कुठून आली, तिच्यात काय रांधले किंवा साठवले जाई, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असल्याने कोरलेल्या नावाची बाई नेमकी कोण, हे पुढच्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. देवघरातल्या टाकांचा फोटो काही घरांत चालत नाही. तिथे आग्रह धरू नये. नातेवाइकांना चित्र पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. एरवी ते आकुंचन पावते आणि सर्वांत आधी जातात ती हंड्यावरची अक्षरे.