जखडलेल्या खांद्यावरची गोळी

केस विंचरायला हात वर जात नाही, पाठीमागे नेता येत नाही, आणि रात्री दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर वळलं की कळ मस्तकात जाते. चाळिशी ते साठीच्या माणसांना, त्यातही मधुमेहींना हा आजार जास्त गाठतो. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं, हे ज्युलियस नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये दाखवलं.

त्यावर दिलं जाणारं औषध मात्र खांद्यासाठी शोधलेलंच नव्हतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ॲड्रिनल ग्रंथींतून काही द्रव्यं वेगळी काढली होती. त्यांतलंच एक, कॉर्टिझोन, फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला टोचलं. काही दिवसांतच ती चालू लागली! १९५० मध्ये केंडॉल, हेंच आणि याच द्रव्यांवर काम करणारे राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण ते औषध बैलाच्या पित्तापासून तीसेक रासायनिक पायऱ्या चढून बनायचं. रुग्णांच्या मानाने ते फारच थोडं आणि महाग होतं. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी त्यातली सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली, आणि कॉर्टिझोनसारखी स्टिरॉइडं स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली. पाठोपाठ कॉर्टिझोनहून कितीतरी जोरकस प्रेडनिसोलोन आलं.

ही स्टिरॉइडं सूज उतरवतात; मग त्यांची गोळी सुजलेल्या खांद्यावर का नको, हा विचार साहजिकच होता. ब्लॉकी, राइट आणि केलग्रेन यांनी तोंडावाटे कॉर्टिझोन देऊन केलेली तुलनात्मक चाचणी १९५४ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. निर्णायक वाटते ती मात्र ऑस्ट्रेलियातल्या रॅशेल बुकबाइंडर आणि सहकाऱ्यांची, २००४ ची. ५० रुग्णांपैकी काहींना रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, बाकीच्यांना दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, असं तीन आठवडे दिलं. तिसऱ्या आठवड्यात खऱ्या गोळीवाल्यांचं दुखणं स्पष्ट कमी झालं होतं. सहा आठवड्यांपुढे तो फायदा टिकला नाही.

म्हणून ही गोळी मला सुरुवातीच्या असह्य दिवसांपुरतीच योग्य वाटते. झोप लागू न देणाऱ्या त्या दिवसांत तेवढा दिलासाही मोठा असतो. पण ती रक्तातली साखर वाढवते, आणि हा आजार मधुमेहींनाच जास्त होतो. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर किंवा केमिस्टच्या सांगण्यावरून ती घेऊ नका. डॉक्टरांनी दिली असेल, तर मधुमेह आधी सांगा आणि त्यांना न विचारता अचानक थांबवू नका.