हजेरीपट काय सांगतो?

आमच्या परभणी जिल्ह्यात मजुरी पिकामागे चालते. कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी सुरू झाली की मजूर शोधून सापडत नाही. चैत्र-वैशाखात तोच माणूस पारावर बसलेला दिसतो आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. मी कवी, आकड्यांशी माझी ओळख बेताचीच. पण या आरोपाला उत्तर हजेरीपटानेच दिले आहे.

१९७२-७३च्या दुष्काळात, मे १९७३मध्ये, महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. भर उन्हात खडी फोडणारे आळशी कसे? वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला. शहरातील नोकरदारांनी भरलेल्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला.

पुढे मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी योजनेची महिनावार हजेरी तपासली. १९८८ साली मजुरीचा दर जवळजवळ दुप्पट झाला. मागणारे वाढायला हवे होते. हजेरी मात्र घटली. त्यांचा निष्कर्ष असा, की खर्च आवरण्यासाठी कामेच मोजकी निघू लागली.

म्हणजे हात रिकामे होते, कामच नव्हते. पुढे २००५ साली देशानेही १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. कायदे होतात, दरही वाढतात. पण वैशाखात काम मागणाऱ्याला ते मिळाले का, एवढेच मजुराच्या घरी विचारले जाते.