माशाचा श्वास आणि बोटींतला हौद

मासळीबाजारांत पाऊल टाकलें कीं एक गोष्ट चटकन् नजरेस येते. सरंगा, सुरमई, बांगडा हे समुद्रांतले मासे बर्फावर निश्चल पडलेले असतात. पण मरळ किंवा मागूर विकावयास बसलेल्या बाईच्या घमेल्यांत मात्र बोटभर पाण्यांत सारखी वळवळ चाललेली असते. हा भेद कशामुळें? मरळ आणि मागूर यांना कल्ल्यांखेरीज वरची हवा घेण्याचें आणखी एक इंद्रिय निसर्गानें दिलें आहे. म्हणून अंगाला ओल असली कीं ते पुष्कळ वेळ तग धरतात. इतर बहुतेक माशांना ही सोय नाहीं. त्यांचा प्राण पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर अवलंबून, आणि तो प्राणवायु पाण्यांत फारच थोडा.

ज्यांच्या ताटांत मासा कधींच येत नाहीं अशा घरांतल्या मंडळींनींहि हा अनुभव निराळ्या रीतीनें घेतलेला असतो. लहानपणीं ओढ्यांतले चार चिमुकले मासे ओंजळींत धरून लोट्यांत घालावे, रात्रभर उशाशीं ठेवावे, आणि सकाळीं पाहावें तों चारहि मासे पोट वर करून तरंगत आहेत! घरांतलें कोणी म्हणतें, त्यांना खायला घातलें नाहीं म्हणून मेले. पण ते उपाशी मेलेले नसतात. ते गुदमरून मेलेले असतात. एक लिटर हवेंत प्राणवायु सुमारें पावणेतीनशें मिलिग्रॅम असतो. उलट ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यांत तो अवघा साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी बर्फासारखें गार असलें तर साडेचौदा. म्हणजे पाणी जितकें ऊन, तितका श्वास कमी. आणि त्याच ऊन पाण्यांत माशाला श्वास लागतो मात्र अधिक. ही अडचण माणसानें बोटीवर कशी सोडविली, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बर्फाचे कारखाने आणि आगगाड्या नव्हत्या त्या काळीं मासळी खारवावी, वाळवावी, धुरी देऊन टिकवावी, नाहीं तर जिवंतच शहरांत आणावी, एवढेच मार्ग होते. जिवंत आणावयाची तर पिपांतून ती किती आणणार? हॉलंडच्या कोळ्यांनीं या प्रश्नाला जें उत्तर दिलें तें ऐकून प्रथम हसूंच येतें. त्यांनीं आपल्या बोटीच्या तळाला मुद्दाम भोंकें पाडलीं! बोटीच्या मध्यभागीं दोन भक्कम आडव्या भिंती घालून एक हौद करावयाचा, त्या भिंतींच्या फटी अशा बुजवावयाच्या कीं थेंबभर पाणी पलीकडे जाऊं नये, आणि मग फक्त त्या हौदाच्या तळाला भोंकें पाडावयाचीं. समुद्राचें पाणी बाहेरच्या पातळीइतकें हौदांत चढतें आणि तेथेंच थांबतें; पुढचा व मागचा भाग कोरडा राहून बोटीला तरंगत ठेवतो. बोट डुलूं लागली कीं जुनें पाणी बाहेर जातें, नवें आंत येतें. समुद्रानेंच पंपाचें काम करावें, अशी ही योजना.

झायडर झी नांवाच्या उथळ आखातांत अशा बोटी १६ व्या शतकांत चांगल्याच रूढ होत्या. त्यांना ‘वाटरस्खिप’ म्हणजे जलनौका असें नांव होतें. पाण्यानें भरलेल्या हौदामुळें त्या जड आणि दणकट असत. म्हणून ॲम्स्टरडॅमला जाणारीं मोठीं जहाजें पंपसच्या उथळ पाण्यांतून ओढून नेण्याचें कामहि त्या करीत. पुढें १९३२ सालीं धरण बांधून हें आखात समुद्रापासून तोडण्यांत आलें आणि त्याच्या तळाची जमीन टप्प्याटप्प्यानें लागवडीस आणली गेली. तेव्हां बुडालेल्या जलनौकांचे सांगाडे शेतांच्या मातींत सांपडले. हौदाच्या तळाचीं भोंकें त्यांत स्पष्ट दिसतात.

हीच युक्ति १७१२ सालीं इंग्लंडमधील हार्विच बंदरांत आली. तेथील कोळी उत्तर समुद्रांत कॉड मासा गळानें धरीत. कारण जाळ्यांत चेंगरलेला मासा हौदांत टिकत नाहीं. खोल पाण्यांतून एकदम वर ओढलेल्या कॉडच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते आणि तो बिचारा उलटा तरंगूं लागतो. अशा वेळीं अनुभवी कोळी ती पिशवी सुईनें टोंचून हवा काढीत आणि मग माशाला हौदांत सोडीत. बंदरांत आल्यावर हे मासे मोठमोठ्या लांकडी पेट्यांत घालून, त्या पेट्या पाण्यांतच तरंगत ठेवीत आणि बाजारांत भाव चढेल तसे बाहेर काढीत. लंडनचा बिलिंग्जगेट बाजार टेम्स नदीच्या कांठीं. पण हौदाच्या बोटी तेथपर्यंत जाऊं शकत नसत. नदीचें गोडें पाणी हौदांत शिरलें कीं समुद्रांतला मासा मरावयाचा! म्हणून त्या ग्रेव्हझेंडजवळ, खाऱ्या पाण्याच्या हद्दींत, थांबत. तेथें कॉडच्या डोक्यांत सोटा घालून त्याला मारीत आणि ताबडतोब शहराकडे धाडीत. इतक्या कष्टानें राखलेल्या जिवाचा हा शेवट. पण त्या व्यापारांत जिवाला किंमत होती ती तेवढ्यापुरतीच.

१९ व्या शतकाच्या मध्यास या बोटींना प्रतिस्पर्धी भेटला, तो बर्फ. टेम्सच्या कांठच्या बार्किंग गांवीं सॅम्युअल ह्यूएट याचा मासेमारी बोटींचा मोठा तांडा होता. त्यानें हिवाळ्यांत आसपासच्या सखल शेतांत पाणी सोडून तें गोठूं द्यावें, तो बर्फ मोठ्या कोठारांत सांठवावा आणि बोटींवर पाठवावा, असा क्रम चालू केला. बर्फांतली मासळी आगगाडीनें दूरदूरच्या शहरांत जाऊं लागली आणि हौदाच्या बोटी हळूहळू मागें पडल्या. अमेरिकेंतहि तेंच झालें. कनेक्टिकट संस्थानांतील नोअँक येथें १८६६ सालीं बांधलेली ‘एमा सी. बेरी’ ही अशी एक हौदाची बोट मिस्टिक येथील नौकासंग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. तिच्याहि हौदाचीं भोंकें पुढें एका मालकानें बुजवून टाकलीं होतीं.

तरीपण एका धंद्याला जिवंत माशांवांचून गत्यंतर नव्हतें, आणि त्याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत, लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर आहे. तेथील कोळी, त्यांचे शेजारी मालदीवचे कोळी यांच्याप्रमाणें, कुपा वर्गांतला मासा वेळूच्या काठीला गळ बांधून धरतात. त्याला भुलविण्यासाठीं लहान मासे जिवंतच पाण्यांत फेंकावे लागतात. मेलेल्या आमिषाकडे तो फिरकत नाहीं. म्हणून त्यांच्या जुन्या होड्यांतहि हौद असे आणि तळाला बुचें लावलेलीं भोंकें असत. बुच काढलें कीं पाणी आंत येई. पण नुसतें येऊन भागत नसे, म्हणून कांहीं माणसें सतत पाणी उपसून बाहेर टाकीत बसत. समुद्राच्या डुलण्यावर भरंवसा न ठेवतां माणसाचे हात हेंच येथें पाणी बदलण्याचें यंत्र झालें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मोठ्या बोटींनीं हेंच काम १९२० नंतरच्या काळांत एंजिनावरील पंपांकडे सोंपविलें, आणि मालदीवच्या नव्या बोटींतहि पुढें पंप आले.

येथपर्यंत मासा जिवंत ठेवावयाचा तो मारण्यासाठीं किंवा आमिषासाठीं. यानंतर मात्र या कथेला अनपेक्षित वळण लागलें. अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांतील रे स्कॉट नांवाच्या एका विमा-एजंटानें जून १९६७ मध्यें आर्कान्सासमधील बीव्हर लेक या जलाशयावर ‘बास’ नांवाचे मासे गळानें धरण्याची मोठी स्पर्धा भरविली. अशा स्पर्धा वाढत चालल्या तसे वजनासाठीं आणलेल्या मेलेल्या माशांचे ढीग लोकांच्या डोळ्यांत खुपूं लागले. तेव्हां १९७२ सालीं स्कॉटनें ‘धरलेला मासा मारूं नका’ अशी मोहीमच सुरू केली. मासा जिवंत आणणाऱ्यास वजनांत लाभ, आणि वजन झालें कीं मासा परत पाण्यांत! या एका नियमानें लहानशा करमणुकीच्या बोटींतहि जुना डच हौद नव्या रूपानें परत आला.

या नव्या हौदाची रचना पाहण्यासारखी आहे. बोटीच्या मागच्या अंगास, पाण्याच्या पातळीखालीं, जाळी लावलेलें एक तोंड असतें. तेथून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप पाणी ओढतो आणि हौदांत तें वरून फवाऱ्यासारखें सोडतो, म्हणजे पडतां पडतां त्यांत हवा मिसळते. हौदाच्या वरच्या कांठाशीं बसविलेल्या नळींतून जास्तीचें पाणी आपोआप बाहेर जातें. पंप पातळीच्या वर बसविला, किंवा भरधाव जातांना बोटीचें तोंड उचललें जाऊन जाळी उघडी पडली, तर नळींत हवा अडकते. पंप घरघरतो, पण पाणी चढत नाहीं. म्हणून पुष्कळ बोटींत हौदांतलेंच पाणी पुनः फिरविणारा दुसरा पंप ठेवतात.

पंप सारखा चालू ठेवला तर बॅटरी उतरते. यावर तोडगा म्हणून टायमर आला. तो कांहीं वेळ पंप चालवितो, कांहीं वेळ थांबवितो. आतां हा थांबा किती असावा? थोडा हिशेब करूं. हौद १०० लिटरांचा, पाणी ३० अंशांचें, आणि आंत एकेक किलोचे ५ मासे आहेत असें धरा. पाण्यांतला एकूण प्राणवायु ७५० मिलिग्रॅम. पण लिटरमागें तो ५ मिलिग्रॅमच्या खालीं गेला कीं मासा धापा टाकूं लागतो, म्हणून हातीं उरले २५०. किलोमागें ताशीं १५० मिलिग्रॅम खर्च धरला, तर ही पुंजी २० मिनिटांत संपते. गळाशीं झुंजून दमलेल्या माशाला दुप्पट श्वास लागला, तर १० मिनिटांतच. पाणी १५ अंशांचें असतें तर पुंजी दुप्पट, खर्च निम्म्याहून कमी, आणि तासभराचा थांबाहि चालला असता. म्हणजे सकाळीं लावलेला टायमर दुपारीं तसाच ठेवणारा मनुष्य माशांना फसवितो. शिवाय हौदांत धापा टाकलेला मासा वजन करतांना हालचाल करतो, पाण्यांत सोडला तर पोहूनहि जातो, आणि दोन-तीन दिवसांनीं कोठें तरी निपचित मरून पडतो. तो सोडणाऱ्याला दिसत नाहीं. आणि ज्या नियमाचा एवढा अभिमान बाळगावयाचा, तो अशा वेळीं केवळ देखाव्यापुरता उरतो.

डच कोळ्याला भोंकांतून येणाऱ्या पाण्याचा आवाज ओळखीचा होता. मिनिकॉयचा मनुष्य तर हातानेंच पाणी उपसत होता. टायमरला मिनिटें कळतात, पाण्याची ऊब कळत नाहीं. ती मधून मधून हौदांत हात घालून पाहणें अद्याप माणसाकडेच आहे. हें ओळखणारे शहाणे लोक कडक उन्हांत टायमर बाजूस सारून पंप अखंड चालू ठेवतात आणि त्यासाठीं एक जादा बॅटरी बाळगतात.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांतलें मूल पुढच्या खेपेस ओढ्यावरून मासे घेऊन आलें तर त्याच्यावर रागावूं नका. लोट्याऐवजीं त्याला एक पसरट परात द्या, ती सावलींत ठेवा, ओढ्याचेंच पाणी वरचेवर उंचावरून तिच्यांत ओतावयास सांगा. आणि दिवेलागणीपूर्वीं त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत जाऊन ते चारहि मासे परत पाण्यांत सोडून या.