५८८ कोटींची वजाबाकी

‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेले पत्र कबुलीजबाब म्हणून गाजले. ते हिशेबाचा कागद म्हणून वाचायला हवे.

३० सप्टेंबर २००८ला संपलेल्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी रुपये दाखवले होते. खरे होते २,११२ कोटी. कामकाजातला नफा दाखवला ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. वजाबाकी केली की दोन्हीकडे ५८८ कोटीच उरतात. त्या तिमाहीत रोख आणि बँकेतली शिल्लकही तेवढ्याच रकमेने खोटी वाढली, असे राजू स्वतः लिहितात.

तिन्ही आकडे जुळतात, कारण खोट्या बिलामागे कोणाचा पगार नसतो की प्रवासखर्च नसतो. त्याची सगळी रक्कम थेट नफ्यात उतरते. पण मग ती ताळेबंदात कुठेतरी दाखवावी लागते. येण्यांत साठू दिली, तर वसुली का होत नाही असा प्रश्न येणारच. पत्रानुसार तिथे फुगवटा ४९० कोटींचाच होता. बाकीचा भार रोख शिलकेवर टाकला गेला. पुस्तकातल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि ३७६ कोटींचे व्याजही कागदावरच जमा होते.

सॉफ्टवेअरच्या कामाचे उत्पन्न नेमके कधी धरायचे, यावर दोन जाणकारांची दोन मते होऊ शकतात. बँकेत पैसे आहेत की नाहीत, यावर होऊ शकत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या रोखे आयोगाचे एप्रिल २०११चे निष्कर्ष वाचताना संताप येतो. सहा हजारांहून अधिक खोटी बिले आणि बनावट बँक विवरणे तर त्यात आहेतच. पण शिलकेची बँकांकडून थेट खातरजमा करून घेण्याचे प्राथमिक काम प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोडले होते.

राजूंचे पत्र कितपत खरे मानावे? लिहिणाऱ्यालाच तुरुंगाकडे नेणारे आकडे बरेच विश्वासार्ह ठरतात. त्यातली स्वतःच्या बचावाची विधाने मात्र वेगळी पारखावी लागतात. या व्यवहारात आपला वैयक्तिक लाभ झाला नाही, असे त्यांनी लिहिले होते. सेबीने जुलै २०१४मध्ये त्यांच्यासह पाच जणांना बेकायदा लाभ व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१५मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले.